हिरवं, लांब आणि लवचिक

माकडंसुद्धा अर्ज मंजूर झाल्यावरच झाडावर चढायची, त्या काळची ही गोष्ट. रानशाळेत मालनबाई सुगरण पिलांना घरटं विणायला शिकवायच्या. पावसाळा तोंडावर आला, तरी वर्गात गवताची काडी नव्हती. ओढ्याकाठी गवत माजलं होतं, पण खरेदी समितीचे कासवराव म्हणाले, "असं उचलून आणता येत नाही, बाई. निविदा काढावी लागते."

निविदेत 'गवत' लिहिलं तर गवतवाल्या म्हशीला झुकतं माप मिळेल, म्हणून त्यांनी फक्त वर्णन दिलं : माल हिरवा, लांब, लवचिक हवा. म्हशीपेक्षा स्वस्त दर हरणटोळ सापाचा निघाला. चाळीस भावंडं घेऊन तो स्वतःच वर्गात हजर झाला.

"अहो, हे साप आहेत!" मालनबाई किंचाळल्या.

"हिरवे आहेत ना? वळतात ना? मग विणा की!" कासवराव म्हणाले.

हरणटोळानं पहिल्या रांगेकडे बघून जीभ फिरवली.

"पोरांनो, उडा!"

कधी पंखही न पसरलेली पिलं भुर्रकन आभाळात गेली, मागोमाग मालनबाईही.

कासवरावांनी रिकाम्या वर्गात बसून शेरा लिहिला : "साहित्य उत्कृष्ट. पिलं पहिल्याच तासाला उडायला शिकली. पुढच्या वर्षी ऐंशी मागवावेत."