जीपबाईची पुढची चाकं

फार फार वर्षांपूर्वीची नाही, हमरस्त्याकडेच्या एका गॅरेजातली गोष्ट. तिथल्या जीपबाईला पहिल्यांदाच चाकांवरचं घर ओढत, घाट उतरून समुद्राला जायचं होतं.

घराने गाद्या, भांडी, पाण्याची टाकी, सगळं "असू दे, लागेल" म्हणत भरलं होतं. ते मागे जोडताच जीपबाईची पाठ खाली बसली, नाक वर गेलं आणि दिवे झाडांचे शेंडे बघू लागले. पुढची चाकं रस्त्याला जेमतेम टेकली. अशाने ती घाटात वळणार कशी?

"जमेल मला," जीपबाई म्हणाली. आतून इंजिन गार पडलं होतं.

"मला लाव! दहा हत्ती ओढीन," भिंतीवर टांगलेला, गाडीमागे ओझं जोडायचा जाडजूड आकडा गरजला.

"ओढशील रे, पण भार सगळा तिच्याच पाठीवर ना?" शेजारचा, दोन लांब लवचीक दांड्यांचा आकडा म्हणाला. "ताई, पाठीवर नेमकं वजन किती पडतं?"

ते मोजायचं असतं, हेच जीपबाईला ठाऊक नव्हतं.

काट्यावर वजन झालं. दुसरा आकडा लावला, त्या वजनाला पुरेल एवढ्याच ताकदीच्या दांड्या निवडून जीपबाई आणि घर यांच्यामध्ये ताणून बसवल्या. पाठ वर आली, नाक खाली आलं. ओझं तेवढंच होतं, पण थोडं पुढच्या चाकांवर गेलं.

"एवढंच होय!" चाकं हसली. "आम्ही कधीची रिकामीच होतो, आई. तू सांगितलंच नाहीस."

घाटातल्या पहिल्या वळणावर जीपबाईने दचकून विचारलं, "जड होतंय का रे?"

"आई, वळण मागे पडलंसुद्धा!"