धाकटीच्या शेळ्यांना आधी

एका राज्यात शेळ्यांना गाईंहून अधिक मान होता, कारण तिथल्या तान्ह्या राजपुत्राला शेळीच्या दुधाखेरीज काहीच पचत नसे. राजाच्या शेळ्या दोघी बहिणी राखीत. थोरली अंबुजा, धाकटी केतकी. दोघींचे गोठे वेगळे. अंबुजा राजगोठ्यांची मुख्य. तिच्या हाती मानाची चांदीची काठी असे. पण दूध दाट आणि गोड निघे ते केतकीच्या शेळ्यांचे.

एके दिवशी भर दरबारात राजाने केतकीच्या खांद्यावर भरजरी शेला घातला. सर्वांबरोबर अंबुजानेही टाळ्या वाजवल्या, पण तिच्या काळजात काटा रुतला तो रुतलाच. तिला अन्न गोड लागेना. शेजारच्या गोठ्यात चरवीत धार वाजू लागली, की आपलेच रक्त कोणी पिळून काढते आहे असे तिला वाटे.

शेवटी ती काळ्या डोंगरावरच्या मांत्रिकाकडे गेली.

“काय हवे?”

“माझ्या बहिणीच्या शेळ्या आटाव्यात.”

मांत्रिकाने मूठभर राख वाऱ्यावर फुंकली. “आटतील. आजपासून गवत, पाला आणि धान्य शेळ्यांच्या तोंडात गेले की माती होईल.”

“सगळ्याच शेळ्यांच्या?”

“राखेला गोठे ओळखता येत नाहीत,” तो म्हणाला, आणि धूर होऊन विरून गेला.

तसेच झाले. कुरणे हिरवीगार, पण शेळ्या चिखल थुंकू लागल्या. त्यांच्या कासा सुकल्या. राजपुत्र रडून रडून निपचित पडला. केतकी शेळ्यांच्या गळ्यात पडून रडत होती. ते पाहून अंबुजाला घटकाभर बरे वाटले. मग तिने राजपुत्राचे कोरडे ओठ पाहिले, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

गोठ्याच्या आढ्यावर एक साळुंकी राहत असे. ती माणसाच्या वाणीने बोलली, “अंबुजे, शाप पिकावर आहे. माणसाने आपला वाटा काढून घेतल्यावर जे उरते, त्यावर तो चालत नाही. घाण्याची पेंड आण, जात्याची चुणी आण, रसाचा चोथा आण. तुझ्या हाताने केतकीच्या शेळ्यांना आधी घाल. त्यांना दूध आले, की शाप तुटेल.”

“माझ्या शेळ्यांना आधी घातले तर?”

“तर राजपुत्र वाचणार नाही.”

अंबुजा निघाली. पहिल्या वनात दगडी बैल तेलाचा घाणा ओढीत होता. तो म्हणाला, “पेंड ने. पण आधी बहिणीचा एक गुण सांग.” अंबुजाची जीभ उचलेना. ऊन कलले तेव्हा ती कशीबशी म्हणाली, “धार काढण्याआधी ती शेळीच्या कानाशी गाणे गुणगुणते.” पेंड मिळाली.

दुसऱ्या वनात राक्षसीण तूर भरडीत होती. जात्याभोवती डाळीची चुणी साचली होती. “तुझी काठी दे,” ती म्हणाली. अंबुजाने दिली. राक्षसिणीने ती उसासारखी कडाकडा चावून खाल्ली आणि चुणीचे पोते पुढे लोटले.

तिसऱ्या वनात यक्षीण संत्र्यांचा रस काढीत होती. तिने चोथ्याने टोपली भरून दिली. “मोबदला नको. एवढे ध्यानात ठेव, भुकेल्या शेळीने हा ओला चोथा पोटभर खाल्ला, तर ती फुगून मरते. उन्हात वाळव, पेंड-चुणीत कालव, आधी मूठभरच घाल.”

परतीच्या वाटेवर ती टोपली अंबुजाला फुलासारखी हलकी वाटू लागली. ओला चोथा! केतकीच्या शेळ्या मेल्या, तर दोष भुकेचा ठरेल. राजपुत्राचा विचार मनात येई, तो ती मागे सारी.

केतकीच्या गोठ्यात तिने टोपली खाली ठेवली. शेळ्या धडपडत धावल्या. तेवढ्यात केतकी आली.

“ताई, तुझी काठी कुठे गेली?”

“गेली.”

केतकीने शेला काढून तिच्या खांद्यावर टाकला. “मग हा घे. तुला मानाशिवाय पाहवत नाही गं मला.”

तो शेला अंबुजाला निखाऱ्यासारखा झोंबला. एका कोवळ्या शेळीने टोपलीत तोंड घातले. घास तिच्या ओठांत होता.

“सोड!” अंबुजा ओरडली. तिने बोटे घालून तो घास बाहेर काढला, टोपली छातीशी धरली आणि मटकन खाली बसली. “ओला आहे, केतकी. मरतील त्या. मी मारायलाच निघाले होते. शापही मीच मागून आणला.”

केतकीने शेळ्यांना मागे लोटले. तिने शेला परत घेतला नाही, बहिणीला जवळही केले नाही. मग तिने विचारले, “कुठे वाळवायचा चोथा?”

दोघींनी तो खडकावर पसरला. वाळल्यावर अंबुजाने पेंड आणि चुणी घालून कालवला आणि केतकीच्या शेळ्यांना मूठमूठ चारला. रोज थोडा वाढवला. कासा भरल्या. चरवीत पहिली धार वाजली, त्याच क्षणी कुरणातले गवत पुन्हा गवत झाले, आणि काळ्या डोंगराची राख पावसाविना वाहून गेली. राजपुत्र दूध पिऊन शांत झोपला.

अंबुजाने राजापुढे सारे सांगितले. राजाने गोठ्यांचे मुख्यपण केतकीला दिले. अंबुजाला काय शिक्षा द्यावी, हे त्याने केतकीलाच विचारले.

“महाराज, हिला माझ्या गोठ्यात खाद्य कालवायला द्या.”

तसे ठरले. राज्यातले तेली, दळणारे आणि रस काढणारे आपले उरलेसुरले गोठ्याकडे धाडू लागले. लोक येत आणि केतकीच्या गोठ्यातल्या दुधाची वाखाणणी करीत. ती ऐकताना अंबुजाचे हात परातीत थांबत. मग ती पुन्हा कालवू लागे, आणि केतकी तिच्याकडे न पाहता म्हणे, “ताई, आज चुणी थोडी जास्त घाल.”