प्रभूची मूठ

फार जुन्या काळी एका उजाड माळावर एक गाव होतं. गावात प्रभू येशूचं लहानसं देऊळ होतं, आणि तिथल्या बायांची एक रीत होती. रोज जात्यावर बसताना आधी एक मूठ ज्वारी मडक्यात बाजूला ठेवायची. ती प्रभूची मूठ. रविवारी ही मडकी देवळामागच्या कोठारात रिती व्हायची. ज्याची चूल थंड पडली, त्याच्या घरी ते धान्य जायचं.

कोठाराची किल्ली एका कारभाऱ्याकडे होती. माणूस भाविक, पण त्याला भरलेलं कोठार बघायची गोडी लागली. भरलं कोठार हाच प्रभूचा मान, असं तो सांगू लागला, आणि धान्य वाटणं थांबलं.

मग लागोपाठ दोन वर्षं पीक बुडालं.

गावात दीनाबाई नावाची म्हातारी होती. आईबापाविना वाढलेली एक नात तिच्या पदरी. पोर नुकती तापातून उठलेली, आणि घरात दाणा नाही. दीनाबाई कारभाऱ्याच्या दारी गेली. त्याने सांगितलं, देवाच्या वस्तूला हात लावायचा नसतो, प्रार्थना करा, आशा धरा. आणि संताप येतो तो याचा, की उपाशी शेजारणीसुद्धा त्यावर माना डोलवत होत्या. पोटभर उपदेश मिळाला, भाकरी नाही.

रविवारी सगळे प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणत होते. रोजची भाकरी मागायची ओळ संपली, तोच दीनाबाई बोलली.

"थांबा. पुढची ओळ म्हणू नका."

सगळे दचकले. कारभाऱ्याने डोळे उघडले. "मावशी, प्रार्थना अर्धवट सोडू नये."

"भाकर प्रभूने कधीच दिलीय, कारभारी. या भिंतीपलीकडे पडलीय. कुलूप तुम्ही घातलंत, आणि उशिराचा बोल त्याला लागतोय."

"तुमचा विश्वास डळमळलाय."

"डळमळला असता तर उपाशीपोटी इथवर आले असते? वीस वर्षं मूठ ठेवली. वाईट दिवशी तो कुणाच्या तरी हातून घास धाडेल, ही माझी आशा. ती तुम्ही त्या खोलीत कोंडलीय."

मग एक शेजारीण आपलं रिकामं मडकं घेऊन दीनाबाईजवळ येऊन उभी राहिली. मग दुसरी. मग सगळ्याच. कारभाऱ्याने किल्ली काढली.

कोठार उघडलं. वरून रास झकास दिसत होती. आत हात घातला, तर खालच्या निम्म्या ज्वारीचा किडीने भुगा केलेला. गरिबाच्या तोंडचा घास आपण किड्यांना चारला, हे कारभाऱ्याला कळलं आणि त्याने हातातलं कुलूप उंबऱ्याबाहेर फेकून दिलं.

अर्धी राहिलेली प्रार्थना गावाने कोठाराच्या दारात पुरी केली. चांगल्या धान्यातली पहिली ओंजळ दीनाबाईच्या नातीला गेली. बाकीचं सगळ्या चुलींना पुढच्या कापणीपर्यंत कसंबसं पुरलं. त्या दिवशी जात्यावर बसताना दीनाबाईने आधी एक मूठ बाजूला काढली. कोठाराला मात्र पुन्हा कधी कुलूप लागलं नाही.

लहानथोरांनो, प्रभू आशा पाठवतो ती माणसांच्या हातून; म्हणून उपाशी माणसाला 'आशा धर' म्हणण्याआधी आपली मूठ उघडावी.