येसबा सायकल थांबवतो

एका गावात येसबा नावाचा एक भोळा गडी होता. कुणी सांगेल ते ऐकायचा, ही त्याची चांगली खोड. सांगेल तेवढंच ऐकायचा, ही वाईट.

धोंड्याच्या महिन्यात सासऱ्याने त्याला नवी कोरी सायकल पाठवली. सोबत निरोप आला, "आठ दिवसांनी जेवायला या. याच सायकलवरून या आणि आमच्या दारात नीट थांबवून दाखवा. जमलं तर सायकल तुमची. नाही जमलं तर धाकट्या जावयाची."

येसबाची बायको रखमा लहानपणी सायकलवरून शाळेत गेलेली. तीच मास्तरीण झाली.

"धाकटीकडं सायकल गेली तर माहेरी तोंड दाखवायची सोय नाही हो!" ती म्हणाली.

येसबाने टांग टाकली, पॅडल मारलं, सायकल सुसाट निघाली. ती थांबली कडब्याच्या गंजीत. येसबा गंजीच्या पलीकडे.

"अहो, थांबवायचं तर दोन्हीकडचे ब्रेक घट्ट आवळायचे!"

"आता आवळतो."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोदाक्काची म्हैस दावं तोडून सुटली. "येसबा, थांबव रे तिला!"

येसबाने म्हशीची दोन्हीकडची शिंगं धरली आणि घट्ट आवळली. म्हैस थांबली नाही. येसबा उकिरड्यात थांबला.

रखमाने कपाळावर हात मारला. "अहो, कुणी आडवं आलं तर घंटी वाजवावी, बाजूनं निघून जावं!"

"आता जातो."

तिसऱ्या दिवशी म्हातारे तात्या चिखलात घसरून रस्त्यातच आडवे पडले. "येसबा, हात दे रे बाबा!"

येसबाने बघितलं, तात्या चांगलेच आडवे आलेत. त्याने टणटण घंटी वाजवली आणि बाजूनं निघून गेला.

संध्याकाळी तात्या काठी घेऊनच दारात आले. ते गेल्यावर रखमा कडाडली, "म्हातारं माणूस दिसलं की सायकलवरून उतरावं, अलगद उचलावं, घरी पोचवावं! हे पण सांगावं लागतं?"

"न सांगता कसं कळणार गं?"

सायकलवर मात्र तोवर हात बसला. ब्रेक आवळले की सायकल जागच्या जागी उभी. आठव्या दिवशी रखमा पहाटेच पुढे गेली आणि येसबा मागून डौलात निघाला.

सासऱ्याच्या अंगणात सगळे जमलेले. ओट्यावर धाकटा जावई बसलेला. येसबा फाटकातून आत शिरला. बोटं ब्रेकवर गेली. आता आवळले की सायकल आपली.

तेवढ्यात त्याला सासऱ्याच्या पांढऱ्या मिशा दिसल्या. म्हातारं माणूस!

येसबा उतरला. सायकल उतरली नाही. ती एकटीच पुढे गेली आणि धाकट्या जावयाच्या मांडीला टेकून थांबली. येसबाने सासऱ्याला अलगद खांद्यावर घेतलं आणि फाटकाबाहेर चालू लागला.

"अहो, कुठं निघालात?" रखमा ओरडली.

"यांना घरी पोचवायला."

"अहो, त्यांचं घर हेच आहे!"

"घरी म्हणालीस ना? मी आपलं घर समजलो."

सासरा खांद्यावर पाय झाडत गरजला, "सायकल धाकट्यालाच द्या रे!"

येसबाला हायसं वाटलं. "बरं झालं मामा, चालतच नेतो. डबलसीट मला अजून येत नाही."