पलीकडच्या काठाची पाहणी

"आणि पलीकडच्या काठाला? तिथं संध्याकाळी कुणी असतं का?"

तळ्याकाठच्या दर्ग्यातल्या फकिराने चिलमीवरून नजर उचलली.

"धबधबा झाला, किल्ला झाला, सूर्यास्त झाला. पलीकडचा काठ कशाला हवा तुला?"

"तेवढाच राहिलाय, बाबा. शांत जागा आहे म्हणतात."

"शांत आहे."

"रस्ता?"

"रस्ता नाही. होडीनेच जायचं, होडीनेच यायचं."

शशिकांत बेंद्रेने मान हलवली. त्याला हवं ते उत्तर मिळालं होतं.

या शशिकांतविषयी एक सांगायला हवं. सहल काढावी तर त्यानेच, असं त्याच्या कारखान्यातले लोक म्हणत. घाटमाथ्यावरच्या या तळ्याभोवती त्याने नातलग फिरवले, शेजारी फिरवले, साहेबांची बायकापोरंही फिरवली. गाडी कुठं थांबवायची, गरम पिठलं-भाकरी कुठं मिळते, गाडी लागणाऱ्याला कुठं बसवायचं, सगळं त्याला पाठ. त्याचा त्याला अभिमान होता, आणि जरा जास्तच होता.

या खेपेला मात्र त्याच्याबरोबर एकटे अण्णा होते. त्याचे वडील.

अण्णा दर्ग्याच्या पायरीवर बसले होते. स्वेटरची बटणं खालीवर लागलेली. समोरच्या शेळीला ते अधूनमधून सांगत होते, "पुढं सरका, पुढं जागा आहे." उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला होता. आता दिवस कळत नव्हता, माणूस ओळखू येत नव्हता. तिकिटं फाडणं तेवढं लक्षात राहिलं होतं.

"त्यांना झेपेल होडी?" फकिराने विचारलं.

"मी धरून बसेन."

"जाताना तू धरशील. येताना?"

"येताना मी..."



 शेळी उठून दुसरीकडे गेली.

"जाताना दोघं," फकीर हळूच म्हणाला. "येताना किती?"

 शशिकांत एकदम भडकला.

"तुम्हाला काय जातंय बोलायला! दार उघडून निघून जातात. गॅस सुरू ठेवतात. बायको माहेरी गेली ती येत नाही. मला कधी दादा म्हणतात, कधी चोर म्हणून काठी उगारतात. मी नीट झोपलेलो नाही, बाबा. नोकरी जायची वेळ आलीय. आणि माझं नाव... माझं नाव त्यांच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं, तेसुद्धा आठवत नाही मला."

तो रडायला लागला. अण्णांनी वळून बघितलं आणि परत तळ्याकडे तोंड केलं.

खरं सांगू? मला या माणसाचा राग येत नाही. असं माणूस ज्याने घरात सांभाळलंय, त्याला येणारही नाही. पण म्हणून तो काय करायला निघाला होता, ते बदलत नाही.

फकिराने उपदेश केला असता तर बरं झालं असतं. उपदेशाला उलट उत्तर देता येतं. त्याने एवढंच विचारलं, "जागा बघितलीस?"

"काय?"

"पलीकडची जागा. बघून आलास?"

"नाही."

"पाहणी न करता सहल काढतोस?"

हे शशिकांतला लागलं. एवढ्या सगळ्यातून त्याला हेच लागावं! पण माणूस असाच असतो.

"आजपर्यंत एकदाही काढली नाही," तो म्हणाला.

"मग आज एकटा जाऊन बघ. तुझा बाप बसेल इथं. धाकलू होडी घालेल, संध्याकाळी आणेल. जागा पटली तर उद्या ने."

"तुम्ही... अडवणार नाही?"

"नाही."

होडीवाला धाकलू वल्ही खांद्यावर घेऊन आला. फकीर त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. धाकलूने एकदा शशिकांतकडे, एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

"जाऊन येतो, अण्णा," शशिकांत सवयीने म्हणाला.

"या," अण्णा म्हणाले.

पलीकडे एक पडकं देऊळ होतं, गर्द झाडी होती, आणि माणसाची चाहूल नव्हती. शशिकांतने सवयीप्रमाणे सगळं नीट पाहिलं. देवळामागचा कट्टा वाऱ्याच्या आड होता. अण्णांना इथं बसवता येईल, थंडी कमी लागेल, असंही त्याच्या मनात आलं. त्या विचाराची त्याला तेव्हा लाज वाटली नाही. ती नंतर वाटली.

ऊन उतरलं. होडी आली नाही.

त्याने हाका मारल्या. फोन काढला, त्याला रेंज नव्हती. समोर दर्ग्यातला दिवा लागलेला दिसत होता. इतका स्पष्ट दिसत होता, की हाक पोचेलच असं वाटावं. पाण्यावरून एकही हाक पोचली नाही. मागच्या झाडीत मात्र काहीतरी जड पावलांनी फिरायला लागलं.

त्या रात्रीचं मी काही सांगत नाही. बापासाठी शोधलेल्या जागी लेक बसला होता, एवढं पुरे.

सकाळी धुक्यातून होडी आली. शशिकांतचा आवाज बसला होता. तळवे सोलवटले होते. त्याने धाकलूची गचांडी धरली.

"का नाही आलास?"

"बाबानं नगं म्हनलं." धाकलूने त्याचा हात शांतपणे सोडवला. "आन् तुमच्या म्हाताऱ्यानं मला तरी कुठं झोपू दिलं, सायेब? होडी बांधाया गेलो की हाताला धरायचा. बसा आता. गप बसा."

होडी काठाला लागली.

अण्णा दर्ग्याखालच्या घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. पाय पाण्याला टेकलेले. अंगावर फकिराची घोंगडी, शेजारी फकीर, आणि पुढ्यातली भाकरी तशीच.

"जेवले नाहीत?" शशिकांतने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"नाही."

"आत का नेलं नाहीत?"

"उठेना. म्हणाला, एक माणूस यायचंय, गाडी सोडू नका."

शशिकांत पायरीवर कोसळला. त्याने अण्णांचे पाय हातात घेतले. पाय बर्फासारखे गार होते. तो ते चोळायला लागला, स्वतःच्या शर्टाने पुसायला लागला, आणि चोळता चोळता हुंदके देऊ लागला.

"अण्णा... मी आलो. चुकलो, अण्णा. मी आलो."

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं, पण मायेने. मग ते थोडे बाजूला सरकले.

"बसा," ते म्हणाले. "जागा आहे."

आणि त्याच्या डोक्यावरून पुन्हा पाण्याकडे बघू लागले.

"आमचा शशी पलीकडं गेलाय. यायचाय अजून."

शशिकांतचा हात थांबला.

"अण्णा, मीच शशी. हे बघा ना... मीच."

"नाही हो." अण्णांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. "तुम्ही रडू नका. येईल तो. जाऊन येतो म्हणालाय."

पाण्यावरचं धुकं हळूहळू विरत होतं. पलीकडचा काठ दिसायला लागला. अण्णा तिकडेच बघत होते. त्यांची पापणी लवत नव्हती.

शशिकांतने फकिराचे हात धरले.

"बाबा, मी आलोय. हे यांना कसं पटवू?"

 फकिराने घसरलेली घोंगडी अण्णांच्या खांद्यावर परत ओढली.

"आधी परत तर ये, बेटा."