अहवालात नसलेलं वाक्य

लोहखनिजाच्या खाणीचे मालक जयसिंगराव इंगवले शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे गुंतवणूक मागायला आले, ते गुळगुळीत पर्यावरण अहवाल घेऊनच. निर्णय मृणाल खांडेपारकरांच्या हाती होता. त्यांना एकच धास्ती होती. खाणीचा गाळ अडवणारा बांध फुटला, तर खालचं पाडळी गाव आणि शिक्षकांची पुंजी, दोन्ही वाहून जाणार.

“बाई, बांधाला धोका शून्य. अहवालात छापलंय,” जयसिंगराव रुबाबात म्हणाले.

“मग पैसे देते,” मृणालबाई शांतपणे म्हणाल्या. “अट एकच. टेकडीवर तुमचा नवा बंगला होतोय, तो बांधाखाली पाडळीत बांधा.”

“तिथे? पावसाळाभर जीव मुठीत धरून राहू की काय?” जयसिंगराव बोलून गेले.

“हे वाक्य अहवालात नाही, साहेब. ते आधी लिहा. सांगितलेला धोका मला तोलता येतो, झाकलेल्या धोक्यावर मी शिक्षकांचं म्हातारपण लावणार नाही.”

जयसिंगराव अहवाल उचलून निघून गेले. वर्षभराने ते नवा अहवाल घेऊन आले, तेव्हा बांधाच्या दुरुस्तीला सुरुवात झाली होती. अहवालात झाडांचे फोटो कमी होते, बांधाच्या भेगा मात्र एकूण एक होत्या. मृणालबाईंनी तो शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.