इनास मास्तरांनी न ऐकलेली शांतता

ऐका मंडळी, फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या दर्यापाड्याला तेव्हा धड रस्ताही नव्हता. मुंबईच्या मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवलेले इनास मास्तर बैलगाडीतून गावी परतले. त्यांचं वाजवणं ऐकायला मासे काठाशी यायचे, असं म्हणतात. माशांचं मला ठाऊक नाही, पण माणसं यायची. केळी लावणाऱ्या, पानवेली बांधणाऱ्या राठ बोटांना मास्तरांनी व्हायोलिन शिकवलं. कुणालाही घालवून दिलं नाही. आमच्या आजोबांनासुद्धा, म्हणजे बघा!

त्यांचा नियम एकच. "चुकलात तर रेटू नका. थांबा, माझ्याकडे बघा. मी दाखवीन तिथून शिरा."

दर सणाच्या मिस्साला, म्हणजे देवळातल्या मोठ्या प्रार्थनेला (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), मास्तर छोटी काठी घेऊन उभे राहायचे आणि चाळीस जण त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर वाजवायचे. मग म्हातारपणी त्यांचे कान गेले. हे फक्त बायकोला, फिलोमेनाला माहीत.

"कुणाला सांगू नकोस गं," ते म्हणाले. "माझी कीव करून वाजवायला लागले, तर मी काठी ठेवीन."

त्या वर्षी ऐन भजनात दारातून दर्यावरचा वारा घुसला आणि सुरांचे कागद उडाले. शिकवल्याप्रमाणे चाळीसही जण एकदम थांबले, मास्तरांकडे बघू लागले. मास्तर डोळे मिटून, हसत, हात फिरवतच होते. तेव्हा सगळ्या देवळाला कळलं.

तान्हं मूलही रडलं नाही, असं म्हणतात. मास्तरांच्या हाताकडे बघता बघता लोकांना सूर ऐकू येऊ लागले, असंही म्हणतात. मग पुढल्या रांगेतल्या रोझमावशीनं डोळे पुसले आणि त्या हाताच्या ठोक्यावर तारेला गज लावला. मागून एकेक जण शिरला. शेवटचा सूर मास्तरांच्या हाताबरोबरच थांबला.

घरी जाताना त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

फिलोमेनानं त्यांच्या तळहातावर बोटानं लिहिलं, 'कुणी चुकलं नाही.'

पुढं नऊ वर्षं मास्तर उभे राहिले. त्यांना कुणी काही कळू दिलं नाही. आणि आमच्या गावाच्या पोटात एरवी काही राहत नाही हो!

आजही सणाला त्याच ठिकाणी वाजवणारे थांबतात. काठी धरणारा कानांत मेण-कापूस घालून, डोळे मिटून हात फिरवत राहतो. बाकीचे पुन्हा कधी शिरले, हे त्याला सांगत नाहीत. गेल्या साली काठी माझ्या हाती होती. मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण सगळे माझ्याबरोबर आहेत, याची एकदाही शंका आली नाही.